धक्का

गाड्या माणसांशी बोलायच्या, त्या दिवसांतली गोष्ट. गुणवंताच्या डिझेल पिकअपला भारी ताठा होता. तिचे गिअर आपोआप पडायचे. "मला कुणाच्या हाताची गरज नाही," असं ती शेजारच्या जुन्या जीपला रोज ऐकवायची. एकदा बॅटरी बसली, तेव्हा मात्र ती वांग्यांच्या क्रेटसकट दिवसभर जागेवरच राहिली. आपोआप गिअरची गाडी ढकलून चालू होत नाही, त्यामुळे शेजारी नुसते बघत राहिले.

पुढे तिचा गिअरबॉक्सच निकामी झाला. हुसेन मिस्त्रींनी तो काढून हातानं गिअर टाकायचा बसवला, क्लच दिला, मधोमध दांडा उभा केला. पिकअप फुरंगटली.

"आता पावलोपावली या माणसाच्या तोंडाकडे बघायचं!"

"बघ की," जीप म्हणाली. "तोही तुझ्या आवाजाकडे कान लावून बसेल."

सुरुवातीला गिअर करकरले की गुणवंत म्हणायचा, "चुकलं गं बाई." हळूहळू दोघांचं जमलं.

मग ऐन बाजाराच्या सकाळी बॅटरी पुन्हा बसली. गुणवंतानं दुसरा गिअर टाकून क्लच दाबला आणि हाक मारली. चौघे शेजारी हातातला चहा ठेवून धावले. "हं, लावा जोर!" गाडी सरकली, त्यानं क्लच सोडला, आणि ती खोकत, धूर सोडत चालू झाली.

संध्याकाळी नवी बॅटरी बसवून गुणवंत बादली घेऊन गाडी धुवायला आला. मागच्या फाळक्यावर, धुळीत आठ पंजे उमटले होते.

"बाकी सगळं धू बाबा," पिकअप हळूच म्हणाली, "तेवढा फाळका राहू दे."