येसबानं साहेबांच्या कागदांवर हलगी शेकली, त्याची गोष्ट

कोळदरीत मोटार अजून कुणी पाहिली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. गावात येसबा हलगीवाला राहायचा. त्याची थाप पडली की विहिरीचं पाणी वीतभर वर यायचं, असं म्हणतात. भैरोबाच्या जत्रेत देवाची काठी वर गेली की येसबानं हलगी सुरू करायची, आणि काठी खाली येईपर्यंत थांबायचं नाही. गावाचा हा कायदा.

एका वर्षी संस्थानात नवे दिवाण आले. ते जत्रेला आले, कानात बोटं घालून बसले, आणि जाताना म्हणाले, "हा गोंगाट बंद. पुढल्या वर्षी काठी उभी करा, हलगी नको."

गाव महाराजांकडे गेलं. महाराज शौकीन होते. त्यांनी सातासमुद्रापलीकडून साठ साहेबांचा वाद्यवृंद आणवला होता. ते म्हणाले, "येसबा, आमच्या साहेबांच्या जलशात पाहुणा म्हणून वाजव. दरबाराला रुचलं तर हलगी राहील. नाही रुचलं तर कायमची खुंटीला."

ठरल्या दिवशी येसबा बायकोला घेऊन राजवाड्यावर पोचला. चंद्राऊच्या डोक्यावर गोवऱ्यांची पाटी होती. हलगीचं कातडं जाळावर शेकल्याशिवाय बोलत नाही. पण फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पाटी उतरवून घेतली.

"महालात शेण नेता?"

"मग तुमचे घोडे काय टाकतात, बत्तासे?" चंद्राऊ म्हणाली. पण पाटी गेली ती गेलीच.

राजवाडा तळ्याकाठी. हवा ओली. येसबानं थाप दिली, तर हलगी भिजल्या घोंगडीसारखी बोलली. साहेब लोक चहाला गेले होते. दरबारात साठ खुर्च्या मांडल्या होत्या, आणि प्रत्येक खुर्चीपुढं लोखंडी दांडीवर एकेक कागद. कागदावर मुंग्या चालल्यासारख्या काळ्या रांगा.

येसबा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "कागद बघून कुणी वाजवतं का? हे वाद्य शेकायचं जळण आहे. ज्याचं त्याच्यापुढं ठेवलंय. पाहुण्याला तेवढे विसरले."

"अवं, मोठ्या घरी असंच असतं. घ्या शेजारच्याचं," चंद्राऊ म्हणाली.

शेजारच्याचं घेतलं. बाहेरच्या पडवीत घमेलं पडलं होतं, त्यात पेटवलं. कागदाचा जाळ तो, भप्पकन उठला आणि विझला. मग पलीकडच्याचं घेतलं. असं करता करता साठही संपले, तेव्हा कुठं हलगी बोलायला लागली. पण येसबा कुणाचं फुकट घेणारा नव्हता. साहेबांचे दोन मोठे तांब्याचे नगारे होते. चंद्राऊनं एक बाजू धरली, त्यानं दुसरी, आणि तेही उरल्या धगीवर शेकून जागच्या जागी आणून ठेवले.

दरबार भरला. साहेब खुर्च्यांवर बसले. त्यांचा म्होरक्या उभा राहिला आणि त्यानं हातातली बारीक काठी उचलली. साहेबांनी समोर पाहिलं. दांड्या उघड्या. एकाचाही हात हलला नाही. म्होरक्याचं तोंड चुन्यासारखं झालं आणि काठी तशीच वर राहिली.

येसबानं काठी पाहिली. होती हातभरच. पण काठी ती काठी, आणि ती वर गेली होती.

त्यानं थाप दिली. झुंबरं घुंगरांसारखी वाजली, तळ्यातले मासे पायरीवर येऊन बसले, असं म्हणतात. म्होरक्याचा हात दुखून खाली यायला लागला की मागून चंद्राऊ ओरडायची, "साहेब, काठी वर!" साहेबाला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण ते त्याला बरोबर समजायचं. मग एका जाड्या साहेबानं शेकलेल्या नगाऱ्यावर हात टाकला. नगारा असा बोलला की तो साहेब स्वतःच दचकला. मागोमाग सारंग्या उठल्या, तुताऱ्या उठल्या. साठ साहेब जन्मात पहिल्यांदा कागदाशिवाय वाजवत होते.

दिवाण मात्र दगडासारखे बसले होते. महाराज खाली वाकून म्हणाले, "दिवाणजी, तुमचं तोंड नको म्हणतंय. पण पाय काय म्हणतोय?"

दिवाणांनी पाहिलं. उजवा जोडा हलगीच्या ठेक्यावर आपटत होता. त्यांनी तो डाव्या पायानं दाबून धरला. तर डावा सुरू झाला.

हलगी राहिली.

नंतर म्होरक्यानं खुणेनं विचारलं, कागद कुठं? येसबानं त्याला घमेल्यातली राख दाखवली. दुभाष्याला म्हणाला, "साहेबाला सांगा, कागद बरा पेटतो. पण माणसाला एक पुरत नाही. जास्त ठेवत जा."

तो साहेब परत आपल्या मुलखाला गेलाच नाही, कोळदरीच्या जत्रेत काठी धरायला राहिला, असंही म्हणतात. ते खरं की खोटं, भैरोबाला ठाऊक. पण कोळदरीत आजही जत्रेच्या सकाळी एका कागदावर काळ्या मुंग्या काढतात आणि त्याच्याच जाळावर पहिली हलगी शेकतात. आवाज मोजायला कुणी सरकारी माणूस आला तर त्याला अडवत नाहीत. येसबाचं नाव घेऊन त्याला सगळ्यांत पुढची खुर्ची देतात. मग काठी वर जाते, हलगी सुरू होते, आणि अख्खं गाव त्याच्या जोड्यांकडे बघत बसतं.