पवनचक्क्यांची पाठ

"माझ्या सायकलीला काय केलंत, वस्ताद?"

जिनपालनं सायकल रस्त्याच्या कडेला उलटी उभी केली होती. सीट आणि हँडल मातीत, दोन्ही चाकं वर. मागचं चाक तो हातानं फिरवत होता आणि कान लावून ऐकत होता.

बापूलाल वस्ताद बरेच पुढं गेले होते. मागं कुणी येत नाही हे कळल्यावर फिरून परत आले होते. एक पाय जमिनीवर टेकून ते चाकाकडं बघत राहिले.

चाक फिरत होतं... फिरतच होतं... थांबायचं नाव नव्हतं.

"बरं फिरतंय की," वस्ताद म्हणाले.

"तेच तर. उलटं केलं की फिरतंय. वर बसलं की मागून कुणीतरी धरून ठेवतंय."

"कुणीतरी?"

 जिनपालनं वस्तादांकडंच बघितलं.

जिनपाल मगदूमचा धंदाच संशयाचा होता. अपघातात मोडलेल्या गाड्या बघायच्या आणि विमा कंपनीला अहवाल द्यायचा. जुना पोचा नवा म्हणून दाखवणारे त्यानं बघितले होते. दारू पिऊन झाडावर घातलेली गाडी म्हशीच्या नावावर खपवणारेही बघितले होते. असली माणसं बघून बघून त्याचा एक डोळा कायमचा बारीक झाला होता. बायको म्हणायची, "घरात चहा दिला तरी आधी कपाला तडा आहे का बघतात."

पन्नाशी जवळ आली असताना एका रविवारी तो मुलीच्या सायकलीचा मोडका स्टँड बदलून आणायला म्हणून निघाला. चालत न्यायची ती सायकल, सहज टांग टाकून तिच्यावर बसला. दुकान आलं... दुकान मागं गेलं... पाय काही थांबले नाहीत. पुढचं गाव लागलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण हसतोय. एकटेच, भर रस्त्यात.

त्या हसण्याचा मात्र त्याला कधी संशय आला नाही.

मग त्यानं स्वतःची सायकल घेतली. बारीक टायरची, वाकड्या हँडलची, एका हातानं उचलता येणारी. आणि मग तो वस्तादांकडं गेला.

वस्ताद मिरजेतल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. तरुणपणी त्यांनी सायकलच्या शर्यती मारल्या होत्या. निवृत्त झाल्यावर ते रोज पहाटे दहाबारा सायकलवाल्यांची रांग घेऊन गावाबाहेर पडायचे. एकामागं एक, पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक, मध्ये वीतभर जागा. पुढचा वारा फोडतो, मागचे त्याच्या आडोशानं चालतात. पुढचा दमला की बाजूला होऊन शेवटी जातो, दुसरा पुढं येतो. रांगेतल्या माणसाला पुढचा रस्ता दिसत नाही. दिसते ती फक्त पुढच्याची पाठ.

जिनपालला त्या पाठीचाच भरवसा वाटत नव्हता. हा आता थांबेल, हा आता वळेल, याला खड्डा दिसलाय पण हा सांगत नाही, असं त्याला सारखं वाटत राहायचं. चैत्रात एकदा त्याला असंच वाटलं, पुढचा आता ब्रेक मारणार. पुढच्यानं मारला नाही. यानं मारला.

मागं वस्ताद होते.

त्यांचा डावा कोपर तेव्हापासून पुरता सरळ होत नाही. वस्ताद त्यावर एका शब्दानं बोलले नाहीत. प्लास्टर निघाल्यावर एवढंच म्हणाले, "तू थोडे दिवस एकटा चालव."

जिनपाल एकटा चालवत राहिला. पण त्यांचं ते न बोलणं त्याला टोचत होतं. तोंडानं भांडणारा माणूस विसरून जातो, गप्प बसणारा डाव धरून असतो, हे त्यानं धंद्यात नेहमी बघितलं होतं.

आता श्रावण लागला होता. महिनाअखेरीला रांग आंबा घाट उतरून समुद्रावर जाणार होती. जिनपालला जायचं होतं. इतकं जायचं होतं की झोपेतही त्याचे पाय हलायचे. काल संध्याकाळी वस्तादांचा फोन आला. "उद्या दोघंच जाऊ, पूर्वेला, जतच्या बाजूला. तुला रांगेत घ्यायचं का नाही, ते आल्यावर सांगतो."

सकाळी जाताना जिनपाल उडत गेला.

दुसरा शब्द नाही. आपले पाय एवढे चालतात हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. गावं मागं पडत होती. माळावर पवनचक्क्या लागल्या, तर त्या सगळ्याच्या सगळ्या त्याच्याकडं तोंड करून उभ्या. परतायच्या ठिकाणी एक चहाचं हॉटेल होतं. तिथं तो वस्तादांच्या आधी पोचला आणि त्यांची वाट बघत बाकावर पाय पसरून बसला.

"वस्ताद, पवनचक्क्यासुद्धा सलामीला उभ्या होत्या बघा. सगळ्या माझ्याकडं तोंड करून!"

"होत्या खऱ्या," वस्ताद म्हणाले.

"तुमच्या आधी पोचलो मी."

"पोचलास."

"मग धरा की रांगेत आता."

"परत तर जाऊ दे, मर्दा."

जिनपाल हात धुवायला आत गेला. मागच्या खिडकीतून त्याला दिसलं. वस्ताद त्याच्या सायकलीशी, मागच्या चाकाजवळ खाली वाकले होते. काहीतरी केलं... उठले... हात झटकले.

परतीला मैलभर आला असेल नसेल, सायकल जड झाली.

त्यानं गिअर बदलला. टायर दाबून बघितलं. ब्रेकचं रबर चाकाला घासतंय का ते बघितलं. काहीच नाही. तरी पायडल चिखलातून ओढल्यासारखं चालत होतं. वस्ताद पुढून ओरडले, "जवळ ये! चाकाला लाग माझ्या!" त्याच्या मनात आलं, जवळ बोलावून पाडायचा बेत दिसतोय... आणि तो आणखीच मागं राहिला. शेवटी उतरला आणि त्यानं सायकल उलटी केली.

"हॉटेलात तुम्ही माझ्या चाकाशी वाकला होता," तो आता म्हणाला. "मी खिडकीतून बघितलं."

"वाकलो होतो."

"हात झटकलेत."

"झटकले."

"काय केलंत?"

वस्ताद त्याच्याकडं बघत राहिले. एक दूधवाला मोटरसायकलवरून चालला होता, तो हळू झाला. "काय मास्तर, पंक्चर?"

"नाही रे. चौकशी चाललीय."

दूधवाला हसून पुढं गेला. जिनपाल हसला नाही.

"अहवालात कारण पण लिहावं लागत असेल ना?" वस्तादांनी विचारलं. "मी कशाला करीन असं?"

 जिनपालची नजर वस्तादांच्या डाव्या कोपरावर जाऊन आली. ती कुठं गेली होती ते वस्तादांनी बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "सायकली बदलू."

वस्तादांची सायकल लोखंडी होती. रंग उडालेला, हँडलवर सुती पट्टी गुंडाळलेली. दोघांची उंची सारखी, त्यामुळे सीट हलवायचीही गरज पडली नाही. वस्ताद जिनपालच्या सायकलीवर बसले, हँडलवर पार खाली वाकले आणि निघाले. जिनपाल ताठ बसून, छाती काढून त्यांच्या मागं निघाला.

थोडंसं अंतर गेला असेल.

"वस्ताद! ओ वस्ताद! ही तर माझ्यापेक्षा जड आहे!"

वस्ताद थांबले. तो धापा टाकत त्यांच्या मागं येऊन उभा राहिला.

"मग माझ्याही सायकलीला मीच काहीतरी केलं असणार," वस्ताद म्हणाले.

"चेष्टा करू नका. तुम्हाला ठाऊक होतं ही जड आहे. म्हणून तर दिलीत."

"आणि तुझी?"

"माझी... तुम्ही तर पळवताय."

"म्हणजे तुझी चांगली आहे."

"मग मघाशी मला का..." जिनपाल अडखळला. कुठंतरी हिशेब चुकत होता. नक्की कुठं, ते सापडत नव्हतं.

वस्ताद खाली वाकले. मागच्या चाकाजवळ. हॉटेलात वाकले होते तसेच.

त्यांनी रस्त्याकडेची चिमूटभर माती उचलली. हात वर केला आणि बोटं सोडली.

माती खाली पडलीच नाही. आडवी गेली, आणि जिनपालच्या शर्टावर जाऊन बसली.

वस्तादांनी हात झटकले.

जिनपाल शर्टाकडं बघत राहिला. मग त्यानं मान वर केली. पुढं माळावर सकाळच्याच पवनचक्क्या उभ्या होत्या. जागच्या हलल्या नव्हत्या, तोंडंही फिरवली नव्हती. सकाळी जिकडं बघत होत्या तिकडंच बघत होत्या, पश्चिमेला, वाऱ्याकडं. फक्त आता त्यांची पाठ दिसत होती...

त्यानं शर्टावरची माती झटकली.

"तुम्हाला ठाऊक होतं," जिनपाल शेवटी म्हणाला.

"हो."

"श्रावणात इकडं वारा पश्चिमेचाच असतो."

"दरवर्षी."

"मग निघतानाच का नाही सांगितलंत?"

"सकाळी सायकल हलकी लागली," वस्ताद म्हणाले, "तेव्हा तू विचारलं नाहीस. वस्ताद, माझ्या सायकलीला काय केलंत, म्हणून."

 तरी जिनपालचा बारीक डोळा मिटला नव्हता. वारा खरा होता. माती खरी होती. पण पाडलं गेलेलं माणूस इतकं शांत राहतं का?

"चल," वस्ताद म्हणाले. "आता चाकाला लाग. वीतभर."

जिनपाल लोखंडी सायकलीवर बसला. समोर त्याचीच सायकल, वर वस्ताद. आधी तो दोन सायकली मावतील एवढं अंतर ठेवून चालला. वारा कानात घोंगावत होता, मांड्या भरून आल्या होत्या. मग एक सायकल मावेल एवढं. मग हातभर. ब्रेकवरची बोटं त्यानं काढली नव्हती. ज्या चाकावर त्याचा संशय होता तेच चाक आता त्याच्या नाकासमोर फिरत होतं.

आणखी जवळ गेला तो विश्वासानं नाही. दमल्यामुळं गेला. मान खाली गेली आणि दोन चाकांतलं अंतर वीतभर झालं.

आणि वारा बंद झाला.

कुणी दार लावून घ्यावं तसा. पायडल हलकं झालं. पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते हेच, की आता यांनी काय केलं? त्यानं मान वर केली. पुढं वस्तादांचा शर्ट फडफडत होता. बाह्या फुगून टम्म झाल्या होत्या. मानेवरच्या पांढऱ्या केसांतून घाम निथळत होता. वारा कुठं गेला नव्हता. तो सगळा तिथं, त्या म्हाताऱ्या अंगावर येत होता.

वस्तादांचा उजवा हात पाठीमागं आला. बोट खाली, रस्त्याच्या डाव्या कडेकडं. खड्डा.

जिनपालला खड्डा दिसत नव्हता. पाठ दिसत होती, बोट दिसत होतं. त्याची स्वतःची बोटं ब्रेकवर आवळली... आवळली... पाठ जरा उजवीकडं झुकली. तोही झुकला. डाव्या बाजूनं एक मोठा खड्डा सरकन निघून गेला.

पुढं कितीतरी वेळ दोघं तसेच चालले. एकदा जिनपाल ओरडला, "वस्ताद, मी येतो पुढं! तुम्ही दमलात!"

"गप चालव."

मिरज आली. वेशीजवळच्या कडुलिंबाखाली वस्ताद थांबले. त्यांनी बाटली तोंडाला लावली. निम्मं पाणी शर्टावर सांडलं. जिनपालनं बाटली धरली. ते पिऊन झाले.

सायकली परत बदलल्या. आपली सायकल हातात आल्याबरोबर जिनपालनं सवयीनं मागच्या चाकाकडं बघितलं. बघितलं आणि लाजला. वस्तादांनी ते बघितलं होतं.

"तेव्हा पडलात ते..." जिनपाल म्हणाला. "मी कधी तुम्हाला..."

"उन्हं चढतायत."

जिनपाल उभाच राहिला. हँडलवरची माती त्यानं अंगठ्यानं पुसली. मग पुन्हा पुसली.

"समुद्राला येऊ का मी? रांगेत?"

"ये."

"मी शेवटी राहतो, वस्ताद. सगळ्यांच्या मागं. म्हणजे माझ्यामुळं परत कुणाला..."

"शेवटी नाही. निघताना तू पहिला."

जिनपालनं त्यांच्याकडं बघितलं. ते चेष्टा करत नव्हते.

"पुढं? मी?" त्याचा आवाज खाली आला. "वस्ताद, माझा हात ब्रेकवर कधी जाईल ते माझं मलाच सांगता येत नाही. आज त्या खड्ड्यापाशीसुद्धा... मी पुढं राहिलो तर माझ्या चाकाला लागायला कोण तयार होईल?"

वस्ताद लोखंडी सायकलीवर बसले. डावा हात लांब केला. कोपर जेवढा सरळ होत होता तेवढा झाला, आणि त्यांनी हँडल धरलं.

"मी."