कुंदाताईची चित्रं

कुंदाताई अचानक गेली, आणि तिची चित्रं परदेशातल्या संग्रहालयांत फिरवण्याचा खर्च कलाकारांना निधी देणाऱ्या ट्रस्टने नाकारला. धाकटा भाऊ रंगा सुतकातच अध्यक्ष टिपणीससाहेबांच्या दालनात घुसला.

"हे बघ, आमचा निधी आजच्या कलेसाठी आहे," साहेब म्हणाले. "कलाकार हयात हवा. मेलेल्या माणसाचं काही आम्ही परदेशी पाठवत नाही."

रंगाने भिंतीवरच्या, हार घातलेल्या संस्थापकांच्या तसबिरीकडे बोट केलं. "मग या शेठजींच्या पैशावर तुम्ही दरवर्षी परदेशी कसे जाता, साहेब? मेलेल्याचा पैसा विमानात बसतो, आणि माझ्या ताईची चित्रं तेवढी बसत नाहीत?"

साहेबांनी खर्चाच्या मंजुरीवर सही केली.

जिना उतरताना रंगाने आधी ताईलाच कळवावं म्हणून फोन काढला, आणि तिथेच पायरीवर मटकन बसला.