दयाळाचं गाणं

फार पूर्वी एका रानात अशी रीत होती, की गाणं रचणारा पक्षी गेला की त्याच्या नावाने जांभूळ लावायचं. त्याला फळ धरेपर्यंत गाणं घरच्यांचं, मग सगळ्या रानाचं.

साळुंकीला रानसभेत दयाळ पक्ष्याचं गाणं गायचं होतं, पण त्याच्या जांभळाला अजून फुलंही आली नव्हती.

"गाऊन टाक, कोण विचारतंय?" पोपट म्हणाला.

तिला ते पटेना. ती दयाळाच्या लेकीकडे गेली. "ताई, बाबांचं गाणं मी सभेत गाऊ का?"

लेकीने तोंड फिरवून जांभळाच्या रोपाकडे पाहिलं. उगाच विचारलं, असं साळुंकीला वाटलं.

"बाबा गेल्यापासून ते माझ्यासमोर कुणी गायलंच नाही," लेक अखेर म्हणाली. "सभेत त्यांचं नाव घेऊन खुशाल गा. पण आधी मला ऐकव."