हात कोणी सोडला?

साताऱ्यातल्या एका सायकल क्लबाचे अध्यक्ष घोरपडे साहेब सायकल चालवायचे थोडी आणि सांगायचे फार. त्यांच्या नव्या सायकलचे गिअर ब्रेकच्या दांडीतच होते. नुसतं बोट हलवलं की बदलायचे. सायकली दुरुस्त करणाऱ्या शकीला मुजावर आपली जुनी रेसची सायकल घेऊन क्लबात आल्या. तिचे गिअर खाली, फ्रेमच्या तिरक्या नळीवर.

साहेब खो खो हसले. "प्रत्येक गिअरला हँडल सोडणार? आपटाल! यवतेश्वरचा घाट हात न सोडता चढून दाखवा, नाहीतर क्लबात यायचं नाही."

"चालेल साहेब. पण नियम दोघांनाही."

"अर्थात!"

पायथ्याशीच शकीलाबाईंनी वाकून सगळ्यात हलका गिअर टाकला आणि दोन्ही हातांनी जे हँडल धरलं, ते माथ्यापर्यंत सोडलं नाही. साहेब पुढेच होते. शेवटच्या वळणावर क्लबाचा फोटोवाला दिसला आणि त्यांनी सवयीने हात उंचावला.

वर पोचल्यावर साहेब चिडले. "अख्खा घाट एकाच गिअरवर? ही काय रीत झाली?"

शकीलाबाई घाम पुसत म्हणाल्या, "साहेब, गिअर कुठे बसवायचा ते सायकल बनवणाऱ्यानं ठरवलं. हात कधी सोडायचा ते मी ठरवलं. तुमचा हात मात्र फोटोवाल्यानं सोडवला."