मुकादमाचे पाय

फार फार पूर्वी, समुद्राला अजून माणसाची थोडीफार भीड वाटत होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी.

एक गाव होतं, भरतीच्या पाण्यापेक्षा हातभर खाली वसलेलं. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधाच्या आत गोड्या पाण्याचं एकच तळं. तळं खारट झालं तर पाऊस येईपर्यंत प्यायला घोटभर पाणी नाही. चंबूगबाळं उचलायचं आणि गाव सोडायचं. म्हणून बांधाचा एकेक पट्टा एकेका घराला राखायला दिलेला होता, आणि सगळ्यांवर एक मुकादम होता.

गावाची एक जुनी रीत होती. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्या दिवशी, प्रत्येक घरचा माणूस आपल्या पट्ट्याच्या पायथ्यानं अनवाणी चालायचा आणि तसाच देवळात यायचा. मुकादम गुडघे टेकून सगळ्यांचे पाय धुवायचा. धुताधुता तो पाय वाचायचा. कोरडी धूळ असली तर बांध भक्कम. बोटांच्या बेचक्यात काळा खारा चिखल असला तर तिथे पाणी झिरपतंय. मग कुणी कुणाला बोल लावायचा नाही. सगळा गाव टोपल्या घेऊन त्या पट्ट्याकडे धावायचा. सर्वांत शेवटी गावातलं वडीलधारं माणूस मुकादमाचे पाय धुवायचं.

आमच्या गोष्टीतला मुकादम बस्त्याव. त्याचा बाप दुसऱ्यांच्या पट्ट्यावर मातीच्या टोपल्या वाहायचा, आणि लहानपणी पोरं त्याला ‘ए टोपली’ म्हणून हाक मारायची. पुढे तो स्वतःच्या अकलेनं मुकादम झाला, पण ती हाक काही त्याच्या कानातून गेली नाही.

अशात एक उपदेशक गाडीभर आरसे घेऊन गावात आला. तो म्हणाला, “रोज सकाळी आरशात बघा आणि म्हणा, माझ्यात काही उणं नाही. वाकू नका. चूक कबूल करणं म्हणजे आपणच आपला अपमान करणं.”

बस्त्यावला ते ऐकून रडू आलं. एवढं गोड त्याच्याशी जन्मात कुणी बोललं नव्हतं. त्यानं मोठा आरसा घेतला, उंच टाचांचे कातडी जोडे घेतले आणि पाय धुण्याची रीत बंद केली. लोकांनाही ते मानवलं. वाकायला कुणाला आवडतं? आता गुरुवारी जो तो देवळासमोर उभा राहून छाती काढून म्हणायचा, “माझा पट्टा उत्तम!” आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे.

दोन वर्षं टाळ्या वाजल्या.

तिसऱ्या वर्षी तो गुरुवार नेमका पुनवेचा आला. पुनवेचं उधाण म्हणजे भर दुपारी पाणी बांधाच्या कडेला लागणार. त्या सकाळी एका वासरानं तळ्याला तोंड लावलं आणि मान फिरवली. कात्रीनमाय गावात सगळ्यांत म्हातारी. तिनं ओंजळभर पाणी चाखलं आणि थुंकून टाकलं.

“बस्त्याव, खारट लागतंय रे! बांधाला कुठेतरी भोक पडलंय.”

बस्त्यावनं आपल्या टाचेकडे पाहिलं. आठवडाभर आपल्याच पट्ट्यावर त्याची टाच एका जागी रुतत होती. रोज तो टाच उपटायचा, गवताला पुसायचा आणि पुढे जायचा. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. खरं म्हणजे स्वतःलाही सांगितली नव्हती.

त्यानं ढोल वाजवून गाव गोळा केला. “कुणाच्या पट्ट्यात ओल आहे?”

“माझा उत्तम!” पास्कू म्हणाला.

“माझा तर त्याहून उत्तम!” रुजाय म्हणाला.

सगळ्यांचेच पट्टे उत्तम होते, आणि तळं मात्र खारट होत होतं. बस्त्यावनं माणसं उत्तरेला पिटाळली, ती बांधाच्या पायथ्यानं अनवाणी फिरून हात हलवत परत आली. दक्षिणेला पिटाळली, तीही तशीच आली. स्वतःच्या पट्ट्याकडे त्यानं कुणालाच पाठवलं नाही. सूर्य डोक्याकडे सरकत होता. बांधापलीकडचा लाटांचा आवाज आता देवळापर्यंत येत होता, आणि बायका पोरांना उराशी धरून उभ्या होत्या.

तेवढ्यात कात्रीनमाय देवळातलं तांब्याचं घंगाळ घेऊन आली. “तोंडं खोटं बोलतात. पाय खोटं बोलत नाहीत. बस, मुकादमा.”

बस्त्याव गुडघ्यावर बसला. देवासाठी बसला असं मी म्हणणार नाही. कुणाच्या तरी पायाला चिखल सापडेल, दोष त्याच्या माथी जाईल आणि आपण सुटू, म्हणून बसला. पास्कूचे पाय कोरडे. रुजायचे कोरडे. एकामागून एक पाय आले, आणि नुसती धूळ निघत गेली. बस्त्याव एकेक बेचकं पुन्हा पुन्हा चोळून पाहू लागला. वाकल्यामुळे त्याच्या जोड्याच्या आत काहीतरी चिकट, ओलं सरकत होतं. घाम असेल, तो मनात म्हणाला.

शेवटचे पाय झाले.

कात्रीनमाय कण्हत खाली बसली. “आता तुझे.”

“मुकादमाचे कशाला? वेळ चाललाय, माय!”

“वेळ चाललाय म्हणूनच म्हणते, बाबा.”

त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. ‘ए टोपली’ म्हणून ओरडणारी ती जुनी तोंडं तिथेच होती, आता पिकल्या केसांची. ती हसतील. मग त्याला पास्कूच्या कडेवरची लहानगी दिसली. ती पाणी मागत होती.

बस्त्यावनं जोडा ओढून काढला. शिवणीतून आत शिरलेला काळा चिखल त्याच्या बोटांच्या बेचक्यात भरला होता, आणि घोट्यावर मिठाची पांढरी रेघ होती.

“माझ्या पट्ट्यात आहे,” तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून म्हणाला, “माझ्याच पट्ट्यात! मला आठवडाभर ठाऊक होतं! टोपल्या घ्या!”

हसायला कुणाला सवड होती? सगळा गाव धावला. बस्त्याव अनवाणी पुढे. पट्ट्यावर तो पालथा पडला, गवत उपसत, गाल चिखलाला लावून. तिथे खेकड्याचं एक बीळ होतं, मुठीएवढं रुंद झालेलं, आणि त्यातून समुद्र भसाभसा आत येत होता. त्यानं दंडापर्यंत हात घातला आणि तसाच धरून ठेवला. लोकांनी चिकणमाती ठासली, वर दगड रचले. उधाण चढलं, बांधाच्या काठाशी थांबलं आणि हळूहळू उतरलं.

तळं वाचलं, पण पुरतं नाही. पाऊस येईपर्यंत गावाला मचूळ पाणीच प्यावं लागलं, आणि प्रत्येक घोटाला बस्त्यावला आपली टाच आठवली. त्याच संध्याकाळी तो हात जोडून म्हणाला, “मी नालायक आहे. दुसरा मुकादम बघा.”

कात्रीनमाय चिडली. “कालपर्यंत म्हणे माझ्यात काही उणं नाही, आणि आज म्हणे मी नालायक! अरे, दोन्ही वेळा तू स्वतःचंच कौतुक मांडून बसलास. आपल्या बापाचा मुलगा आहेस, देवाचं लेकरू आहेस, चुकतोस आणि बांधही जाणतोस. एवढं पुरे की! उद्या सकाळी पट्ट्यावर ये.”

बस्त्याव सकाळी आला. अनवाणी आला, आणि टोपली घेऊन आला.

त्या गावात पाय धुण्याची रीत पुन्हा सुरू झाली. फक्त एक फरक पडला. आता मुकादमाचे पाय शेवटी नाही, सर्वांत आधी धुतात.

तात्पर्य: स्वतःला कमी लेखू नये, पण आपलेच पाय तपासायला वाकावं लागलं तर त्याची लाजही बाळगू नये.