भिकोबा गुरवाचा हेवा

ऐका, तेव्हा पिंपरकुंडाला ना रस्ता होता, ना शाळा, पण ठाणाई देवीची पालखी होती. जत्रेला पालखी पिंपळाच्या पारावर टेकायची आणि कुणी नवं गाणं गायल्याशिवाय उठायची नाही. आठ जण खांदा लावायचे, तरी तसूभर हलायची नाही, असं म्हणतात. ते गाणं रचायचा मान गुरवांच्या घराचा. सात पिढ्या चालत तो भिकोबा गुरवाकडे आला होता.

एका वर्षी भिकोबाने गाणं म्हटलं आणि पालखी उठली नाही. त्याने दुसरं म्हटलं. तरी नाही. तेवढ्यात गर्दीच्या मागे सोना कुंभारणीने आपल्याशीच दोन ओळी गुणगुणल्या, आणि पालखी कापसासारखी वर आली.

त्या दिवसापासून भिकोबाच्या घशाखाली घास उतरेना. लोक सोनाच्या ओळी विहिरीवर म्हणायचे, शेतात म्हणायचे. त्या ऐकल्या की त्याच्या छातीत निखारा पडायचा. त्यात पंच म्हणाले, "पुढच्या जत्रेला तुझ्या गाण्यावर पालखी उठली नाही, तर मान सोनाचा."

भिकोबाला वाटलं, तिची विद्या तिच्या मातीत असणार. तो रोज तिच्या अंगणात जाऊन चिखल तुडवू लागला. पावसाळा गेला, हिवाळा गेला, टाचा फुटल्या, पण ओळ सुचली नाही.

सोना म्हणाली, "गुरवबुवा, माती तुडवून गाणं आलं असतं, तर आमचं गाढव कधीच शाहीर झालं असतं."

"मग तुला सुचतं कुठून?"

तिने फिरतं चाक थांबवलं. "हसाल तुम्ही. लहानपणापासून तुम्हाला पारावर बघते. तुम्ही तोंड उघडलं की सगळा गाव गप्प. मला वाटायचं, यांच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही? मडकी थापताना जळत बसायचे. त्या जळण्यातनंच ओळी यायच्या."

"माझ्यावर जळायचीस?"

"नाहीतर काय गाढवावर?"

भिकोबा चिखलाच्या पायांनी तसाच घरी गेला.

जत्रेला तो पारावर उभा राहिला. त्याने देवीची स्तुती केली नाही. सगळ्या गावासमोर तो गायला:

"सोनाच्या ओठी ओळ, माझ्या ओठी राख,
तिचं थोडं दे गं आई, किंवा तोंड माझं झाक."

पालखी उठली. नुसती उठली नाही, तर माणसांच्या डोक्यांवर तरंगू लागली, असं म्हणतात. आठही भोई दांड्याला लोंबकळले, तेव्हा कुठे ती खांद्यावर आली. सोना गर्दी सारून पुढे झाली आणि भिकोबाशेजारी खांदा लावून चालू लागली.

हेवा मात्र गेला नाही. दोघंही मरेपर्यंत एकमेकांवर जळत राहिले आणि रचत राहिले.

आजही पालखी टेकली की पिंपरकुंडात आधी भिकोबाचं नाव घेतात. मग ज्याला वाटेल त्याने पुढे यायचं आणि आपल्याला कुणाचा हेवा वाटतो ते गायचं. गेल्या वर्षी सातवीतली एक मुलगी मैत्रिणीच्या चित्रांवर गायली. एका निवृत्त कंडक्टरने सत्तराव्या वर्षी पहिलं गाणं लिहिलं, ते शेजाऱ्याच्या गाढ झोपेवर होतं. ज्याचं नाव येईल त्याने रागवायचं नाही. खांदा लावायचा, आणि घरी जाऊन आपण कुणावर जळतो ते लिहायला बसायचं.